शिकारी पाहुणा आणि गृहस्थाचा धर्म

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या लीळांमध्ये ससारक्षणाची लीळा सर्वपरिचित आहे. पारध्यांनी पिटाळलेला ससा स्वामींच्या जानूखाली येऊन दडला. मागोमाग पारधी आले व त्यांनी ससा मागितला. त्या सशावर त्यांची पैज लागलेली होती. स्वामींनी शरण आलेला जीव दिला नाही. पारध्यांना समजावून परत पाठविले आणि मग सशाला ‘महात्मा’ असे संबोधून निरोप दिला. ही लीळा आपण भक्तिभावाने ऐकतो. परंतु आपल्या शेताच्या बांधावर तिचा अर्थ काय, याचा विचार क्वचितच करतो.

अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा, हा माळरानांचा व ज्वारीच्या शिवारांचा प्रदेश आहे. तित्तर, लावे, पखुर्ड्या यांचे हे घर. जायकवाडीचा नाथसागर झाल्यापासून शेवगाव-नेवासे भागातील फुगवट्याच्या काठी हिवाळ्यात उत्तरेकडील बदकेही उतरतात. अशा वेळी शहरातून ओळखीचे वा नात्यातले कोणी बंदूक घेऊन येतात आणि म्हणतात, “दादा, तुमच्या शेतात दोन दिवस राहू द्या.” घरी आलेल्यास नाही कसे म्हणावे, हा वासनिकापुढे प्रश्न पडतो.

येथे प्रथम हिंसेचे स्वरूप पाहावे. हिंसा तीन प्रकारांनी घडते: स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि होत असता तिला संमती देणे. बंदूक पाहुण्याने उडविली तरी पक्ष्यांची जागा दाखविणारा, झुडपे हाकण्यास गडी देणारा व रात्री ते मांस आपल्या चुलीवर शिजवू देणारा यजमान दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारात येतोच. ‘मी मारले नाही’ हे उत्तर त्याला पुरत नाही.

कोणी म्हणेल, अतिथीचा सत्कार हाही धर्मच आहे. होय. परंतु अतिथीला काय द्यावयाचे, त्याला मर्यादा आहे. पाणी, भाकरी, अंथरूण, गोड शब्द हे आपले आहे, ते द्यावे. रानातील पाखराचा प्राण आपला नाही. जे आपले नाही त्याचे दान करणे हे औदार्य नव्हे. शिवाय थव्याने उतरलेला पक्षीही आपल्या शिवारात आश्रयालाच आलेला असतो. एका पाहुण्याच्या करमणुकीसाठी दुसऱ्या आश्रिताचा घात करविणे यास आतिथ्य कसे म्हणावे?

दुसरा आक्षेप पिकाचा. पाखरे कणसे खातात हे खरे. त्यासाठी मचाण आहे, गोफण आहे, हाकारा आहे. हाकून लावणे ही राखण होय; मारणे ही राखण नव्हे.

राजनियमही आता याच बाजूस आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पूर्वी परवाना घेऊन शिकार करण्याची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती रद्द झाली. शौकासाठी तित्तर-लावे मारण्यास आता मुभा नाही, आणि शेत खाजगी आहे म्हणून सूटही नाही. सोलापूर-अहमदनगरच्या माळांवर १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले, १९८६ साली जायकवाडीचे पक्षी अभयारण्य झाले. एके काळी या माळांवर दिसणारा माळढोक आज जवळजवळ नाहीसा झाला आहे. तथापि साधकाने केवळ दंडाच्या भयाने थांबू नये. भय गेले की हिंसा परत येते.

नकार कसा द्यावा, हेही लीळेतूनच शिकावे. स्वामींनी ससा दिला नाही, पण पारध्यांचा तिरस्कारही केला नाही. म्हणून पाहुण्यास दारातून हाकलू नये. “दादा, घर तुमचेच आहे, जेवून राहा, पण बंदूक आमच्या शिवारात चालणार नाही,” असे पहिल्याच भेटीत, मृदुपणे व स्पष्ट सांगावे. आधी संकोचाने गप्प राहून मागाहून कुरकुर करणे दोघांनाही दुखविते.

आणि एक भेद ध्यानी ठेवावा. पोटासाठी फास लावणारा गरीब पारधी आणि पैजेसाठी बंदूक आणणारा संपन्न पाहुणा यांस एकाच मापाने मोजू नये. पारध्यांच्या जमातीवर इंग्रजी अमदानीत गुन्हेगारीचा शिक्का बसला. १९५२ साली तो कायद्याने पुसला गेला, पण लोकांच्या मनातून पुरता गेला नाही. त्याला रान राखण्याचे काम व पुरेशी मजुरी द्यावी. नुसता उपदेश भुकेल्याचा फास सोडवीत नाही.

सद्भक्तहो, सशाला स्वामींची जानू लाभली. आपल्या पाखरांना आपला बांध लाभावा, एवढे प्रत्येक वासनिकाच्या हाती आहे. दंडवत प्रणाम.