पासवर्ड टाइप करण्याआधीच 'चुकीचा'?

प्रश्न : एका हौशी बुलेटिन बोर्डावर मी 'पुट्टी'मधून टेलनेटने जातो. नाव टाकून एंटर दाबले की पासवर्ड टाइप करण्याआधीच 'चुकीचा पासवर्ड' असे येते. काय करावे?

उत्तर : तुमचा पासवर्ड बहुधा बरोबरच आहे, गडबड एंटरची आहे. टेलनेटवर पुट्टी एंटरच्या एका दाबात दोन संकेत पाठवते. पहिल्याने तुमचे नाव पोचते. काही बोर्ड दुसऱ्यालाही स्वतंत्र एंटर समजतात आणि पासवर्डची जागा कोरीच पुढे जाते. पुट्टीच्या सेटिंगमध्ये 'कनेक्शन'खालचे 'टेलनेट' उघडा, रिटर्न कीने 'टेलनेट न्यू लाइन' पाठवण्याच्या पर्यायावरची खूण काढा आणि नव्याने जोडणी करा.

माझे मत विचाराल तर 'सिंकटर्म'च घ्या. तो अशा बोर्डांसाठीच बनवला आहे, आन्सी चित्रेही त्यात नीट उमटतात.

एकामागून एक प्रयत्न मात्र थांबवा. अनेक बोर्ड चुकलेल्या प्रयत्नांनंतर तुमचा आयपी पत्ता काही काळ अडवतात, मग खरा पासवर्डही चालत नाही. तसे झाले असेल तर सिसॉपला, म्हणजे बोर्ड चालवणाऱ्याला, ईमेल करा. १९७८ साली शिकागोत वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी पहिला बोर्ड सुरू केला, तेव्हापासून हे काम बहुतेक जण हौसेने, फावल्या वेळातच करत आले आहेत. उत्तराला उशीर लागला तर समजून घ्या. पत्रात नाव, वेळ आणि वापरलेला प्रोग्राम लिहा, पासवर्ड नको.

टेलनेटवर पासवर्ड उघडाच प्रवास करतो. बँकेचा किंवा ईमेलचा पासवर्ड इथे कधीही वापरू नका, आणि बोर्डावर एसएसएचची सोय असेल तर तीच निवडा.