विसाव्यानें झिजणारें यंत्र

विसाव्यानें शरीराची झीज भरून निघते, हें तुम्ही आरोग्यशास्त्रांत शिकलां आहां. परंतु एखादें यंत्र विसाव्यानेंच झिजतें, असें कोणीं सांगितल्यास तुम्हांस नवल वाटेल. असा प्रकार आपल्या शाळेच्या संगणक-खोलींतच घडला. म्हणून त्याची थोडी माहिती येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हार्ड डिस्क ही संगणकाची माहितीची कोठी होय. आय. बी. एम. कंपनीनें १९५६ सालीं पहिली डिस्क बाजारांत आणिली, तेव्हां तींत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, व त्यांवर सुमारें ५० लक्ष अक्षरें मावत. आज तळहाताएवढ्या पेटींत त्याच्या लक्षावधि पट माहिती राहते. मात्र मूळ तत्त्व तेंच आहे. ग्रामोफोनप्रमाणें येथेंही तबकडी फिरते, आणि एक दांडा तिच्यावरून सरकतो. दांड्याच्या टोकास वाचन-लेखन करणारें सूक्ष्म डोकें असतें. ग्रामोफोनची सुई तबकडीस घासते. हें डोकें मात्र तबकडीस न शिवतां, तिच्या वेगानें उत्पन्न होणाऱ्या हवेच्या पातळ थरावर तरंगतें. हें अंतर अवघें कांहीं नॅनोमीटर असतें; आपला केस त्याहून हजारों पट जाड आहे!

काम नसतां हें डोकें तबकडीच्या कडेबाहेरील एका लहानशा उतरणीवर नेऊन ठेवितात. यास ‘पार्किंग’ म्हणतात. त्याचे हेतु दोन. धक्का बसला तरी डोकें तबकडीवर आपटूं नये, हा पहिला; आणि हवेचा अडथळा कमी होऊन थोडी वीज वांचावी, हा दुसरा. दोन्ही हेतु चांगलेच आहेत. परंतु उतरणीवर चढतां-उतरतां प्रत्येक वेळीं किंचित् घर्षण होतें. त्यानें सुटलेले सूक्ष्म कण तबकडीवर गेल्यास लिहिलेलें बिघडण्याचा संभव असतो. म्हणूनच कारखानदार अशा किती खेपा डिस्क सोशील, हें माहितीपत्रकांत नमूद करितात. ३,००,००० किंवा ६,००,००० हे आंकडे त्यांत पुष्कळदां आढळतात.

आतां थोडें गणित करूं. घरच्या संगणकावर दिवसास ५० खेपा झाल्या, तर ३,००,००० खेपांस ६,००० दिवस, म्हणजे सोळा वर्षांहून अधिक काळ लागेल. परंतु सर्व्हर हा चोवीस तास जागा असणारा संगणक आहे. काम नसलें तरी तो आपल्या रोजनाम्यांत अधूनमधून एखादी ओळ लिहीतच असतो. वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या ‘ग्रीन’ मालिकेच्या डिस्कांत ८ सेकंद काम नसलें कीं डोकें कडेस जाई. समजा, सर्व्हर दर ३० सेकंदांनीं एक ओळ लिहितो. मग ८ सेकंदांनीं डोकें विसाव्यास जाणार, आणि २२ सेकंदांनीं त्यास पुन्हा बोलावणें येणार! मिनिटास २ खेपा, तासास १२०, दिवसास २,८८०. म्हणजे ३,००,००० चा आंकडा १०४ दिवसांत गांठला गेला. सोळा वर्षें कोठें आणि साडेतीन महिने कोठें!

आपल्या शाळेच्या सर्व्हरची डिस्क निराळ्या बनावटीची, पण खोड तीच. डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेविते. त्या नोंदीस ‘स्मार्ट’ म्हणतात, आणि त्यांतील १९३ क्रमांकाची ओळ या खेपांची असते. नववीच्या मुलांनीं ती उघडली, तों अवघ्या तीन महिन्यांत आंकडा २,६०,००० च्या घरांत गेलेला! त्या डिस्कवर पांच वर्षांचे परीक्षेचे गुण होते, आणि त्यांची दुसरी प्रत कोठेंही नव्हती. हा दोष यंत्राचा नव्हे, आमचा होता. त्याच सायंकाळीं आम्हीं सर्व नोंदींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून निराळ्या इमारतींत ठेविली. नंतर मुलांच्या साहाय्यानें विसाव्याची मुदत पुष्कळ वाढविली. पुढील महिनाभरांत आंकडा फारसा हलला नाहीं.

माहितीपत्रकांतील आंकडा म्हणजे डिस्कच्या मरणाची तिथि नव्हे. कित्येक डिस्का त्यापुढेंही चालतात, तर कांहीं त्याआधींच बंद पडतात. म्हणून विसाव्याची मुदत कामाच्या रीतीप्रमाणें ठरवावी, सर्व्हरसाठीं अखंड चालण्यास योग्य अशीच डिस्क घ्यावी, आणि डिस्क कितीही चांगली असली तरी दुसरी प्रत ठेवावी.

थेंबें थेंबें तळें सांचतें, हें आपण बचतीसंबंधीं म्हणतों. झिजेसंबंधींही तें तितकेंच खरें आहे. विजेची ती लहानशी बचत पांच वर्षांच्या नोंदींच्या मोलानें आमच्या पदरीं पडणार होती. काटकसर करणारानें आपण काय वांचवितों, तसेंच काय खर्ची घालतों, हेंही पाहिलें पाहिजे. पालकांनींही आपल्या घरच्या संगणकावरील महत्त्वाचीं कागदपत्रें व छायाचित्रें यांची दुसरी प्रत आहे कीं नाहीं, हें या सुटींत मुलांकडून अवश्य पाहून घ्यावें, अशी आमची विनंति आहे.