शेजाऱ्याची ठेव

शेजारी घरीं नाहीं. पार्सल घेऊन आलेला मनुष्य त्याच्या बंद दारापुढें क्षणभर उभा राहतो, मग आपल्या दाराची घंटा वाजवितो आणि विचारतो, "हें त्यांचें पार्सल आपण ठेवून घ्याल काय?" आपण ‘हो’ म्हणतों, सही करतों किंवा शेजाऱ्यानें फोनवर कळविलेला ओटीपी त्यास सांगतों, आणि खोकें कोपऱ्यांत ठेवून पुन्हां आपल्या कामास लागतों. हा सर्व व्यवहार अर्ध्या मिनिटांत उरकतो. परंतु त्या अर्ध्या मिनिटांत आपण कोणतें ओझें शिरावर घेतलें, याचा विचार आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या वडील माणसांनीं एकदां स्वस्थपणें करावा, अशी आमची इच्छा आहे. शेजारी संध्याकाळीं आला व खोकें घेऊन गेला, तर बोलण्यासारखें कांहीं उरत नाहीं. प्रश्न उत्पन्न होतो तो शेजारी न आल्यास: आठ दिवस, महिना, किंवा कधींच.

हा प्रश्न नवा नाहीं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत व्यवहाराचीं अठरा पदें सांगितलीं आहेत. त्यांत पहिलें ऋणाचें आणि लगेच दुसरें निक्षेपाचें, म्हणजे विश्वासानें दुसऱ्याच्या स्वाधीन केलेल्या वस्तूचें. याज्ञवल्क्यस्मृतींत आणखी एक बारीक भेद केला आहे. आंत काय आहे हें न सांगतां पेटींत बंद करून दिलेल्या ठेवीस तेथें औपनिधिक असें निराळें नांव आहे. आजच्या पार्सलास याहून चपखल नांव सांपडणें कठीण. कारण शेजाऱ्याच्या खोक्यांत चपला आहेत कीं चांदीची वाटी, हें आपणांस ठाऊक नसतें, व तें ठाऊक करून घेण्याचा आपणांस अधिकारही नसतो. ठेव चोरांनीं नेली, पाण्यानें वाहून गेली किंवा अग्नींत जळाली, तर ती सांभाळणाऱ्यानें भरून देण्याचें कारण नाहीं. मात्र त्यानें स्वतः तींतून कांहीं काढलेलें नसावें, असा मनूचा निर्णय आहे.

पवित्र शास्त्रांत निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायांत तर प्रत्यक्ष शेजाऱ्याचेंच नांव घेतलें आहे. एखाद्यानें पैसा किंवा सामान शेजाऱ्याजवळ ठेवावयास दिलें व तें त्याच्या घरांतून चोरीस गेलें, आणि चोर सांपडला, तर चोरानें दुप्पट भरून द्यावें. चोर न सांपडला, तर घरधन्यानें परमेश्वरासमोर उभें राहावें आणि त्यानें स्वतः त्या सामानास हात लावला कीं काय याचा निर्णय व्हावा. लेवीयाच्या सहाव्या अध्यायांत पुढची पायरी आहे: ज्यानें शेजाऱ्याची ठेव नाकारली, त्यानें ती संपूर्ण परत करावी व वर पंचमांश अधिक द्यावा. मोशेच्या शास्त्रांत काय व आमच्या स्मृतींत काय, वस्तु कशी गेली याइतकीच चौकशी सांभाळणाऱ्याचा हात स्वच्छ होता कीं नाहीं याची आहे. पौलानें तीमथ्याला सोंपविलेली ठेव सांभाळण्यास सांगितलें, तेथें मूळ ग्रीक शब्द ‘पाराथेके’ हा असाच आहे. तो त्या काळच्या रोजच्या देवघेवींतला, कायद्यांतला शब्द होता.

मोशेच्या या नियमांवर यहूदी शास्त्र्यांनीं पिढ्यानुपिढ्या चर्चा केली आणि ती इसवी सनाच्या सुमारें २०० च्या वेळीं ‘मिश्ना’ या ग्रंथांत संकलित झाली. तींत रोजच्या संसारांतले प्रश्न आहेत, म्हणून ती आम्हांस फार प्रिय आहे. सांपडलेलें वस्त्र घरांत पडून राहिलें तर काय करावें? तीस दिवसांतून एकदां झटकावें. पसरून ठेवावें तें त्या वस्त्राच्या हितासाठीं, आपल्या घराच्या शोभेसाठीं नव्हे. ठेवलेलें धान्य किंवा फळें नासूं लागलीं तर? येथें शास्त्र्यांत मतभेद झाला. कित्येक म्हणाले कीं, नासलें तरी हात लावूं नये. रब्बान शिमोन बेन गमलिएल म्हणाले कीं, न्यायसभेसमोर तें विकावें, कारण असें करणारा मनुष्य धन्याची हरवलेली वस्तु धन्यास परत करणाऱ्यासारखाच आहे.

याच परंपरेच्या पुढील काळांतल्या ‘तालमूद’ या ग्रंथांत हनीना बेन दोसा नांवाच्या एका अत्यंत गरीब सत्पुरुषाची गोष्ट आहे. कोणी एक वाटसरू त्याच्या दारीं कोंबड्या ठेवून गेला व परत आलाच नाहीं. हनीनानें पत्नीस बजावलें कीं, यांचीं अंडीं आपण खावयाचीं नाहींत. अंडीं वाढलीं, पिल्लें झालीं, घरांत वावरावयास जागा उरेना. तेव्हां त्यानें सगळ्या विकल्या व त्या पैशांच्या शेळ्या घेतल्या. पुढें तो मनुष्य सोबत्याबरोबर त्याच वाटेनें जात असतां सहज म्हणाला, "येथें मीं माझ्या कोंबड्या ठेवल्या होत्या." हें हनीनानें ऐकलें. त्यानें आधीं खूण विचारली, ती पटली तेव्हां शेळ्या त्याच्या हवालीं केल्या. या गोष्टींत आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती खूण विचारण्याची गोष्ट. हनीना साधु होता, पण भोळा नव्हता. ठेव द्यावयाची ती धन्यालाच, मागेल त्याला नव्हे.

आतां आपल्या देशांतील चालू कायदा पाहूं. १८७२ च्या भारतीय करार कायद्यांत कलम १४८ पासून निक्षेपाचें प्रकरण आहे. कलम १५१ म्हणतें कीं, साधारण शहाणा मनुष्य तितक्याच आकाराच्या, त्याच प्रतीच्या व किंमतीच्या स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी ठेवीची घ्यावी. तितकी घेतली असेल, तर वस्तु बिघडली किंवा गेली तरी तो जबाबदार नाहीं, असें कलम १५२ आहे. ‘मी पैसे कोठें घेतले होते?’ ही सबब मात्र चालत नाहीं. इंग्लंडांत १७०३ सालीं कॉग्ज विरुद्ध बर्नार्ड या खटल्यांत हाच वाद निघाला. बर्नार्डनें कॉग्जचीं ब्रँडीचीं पिंपें एका तळघरांतून दुसऱ्या तळघरांत फुकट नेऊन देण्याचें पत्करलें. नेतांना हयगयीमुळें एक पिंप फुटलें व ब्रँडी सांडली. मुख्य न्यायाधीश होल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ठरविलें कीं, मजुरी ठरलेली नसली तरी ज्यानें विश्वासानें वस्तु हातीं घेतली त्यानें हयगयीबद्दल उत्तर दिलें पाहिजे. (पिंपांत मद्य होतें हें आमच्या पालकवर्गास रुचणार नाहीं, पण न्यायाधीशांनीं पिंपाचा विचार केला, त्यांतील पदार्थाचा नाहीं.)

आमच्या कायद्यांत दोन उदाहरणें विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्याजोगीं आहेत. एकानें दुसऱ्याजवळ गाय सांभाळावयास ठेवली व ती व्याली. गायीबरोबर वासरूंही परत केलें पाहिजे. हनीनाच्या कोंबड्यांचाच हा न्याय! दुसरें उदाहरण घोड्याचें. एकानें दुसऱ्यास केवळ स्वतः बसण्याकरितां घोडा दिला. त्यानें तो घरांतल्या माणसास दिला. त्या माणसानें काळजीनेंच हांकला, तरी घोडा अपघातानें पडून जखमी झाला. भरपाई ज्यानें घोडा घेतला त्यानेंच करावयाची, कारण परवानगीबाहेरचा उपयोग झाला. शेजाऱ्याच्या मुलाची नवी बॅट खोक्यांतून काढून एकच डाव खेळूं म्हणणाऱ्यांनीं हा घोडा विसरूं नये.

एवढ्यावरून विषय कोरड्या कलमांचा आहे असें कोणी समजूं नये. आमच्या माहितींतील दोन कुटुंबें एका जिन्यावर समोरासमोर राहतात. एका मे महिन्यांत एका घरचीं माणसें लग्नास नागपुरास गेलीं असतां त्यांच्या कोंकणांतील आजीनें धाडलेली आंब्यांची पेटी आली. समोरच्या बाईंनीं ती मोठ्या आपुलकीनें घेतली व पलंगाखालीं सरकविली. दोन दिवसांत येतील, कशाला फोन करावयाचा, असें त्यांस वाटलें. मंडळी नवव्या दिवशीं आली. तोंपर्यंत आंब्यांस पाणी सुटलें होतें व बाईंनीं पेटी कचऱ्यांत टाकली होती. आंबे टाकले कीं खाल्ले, हा प्रश्न कोणी उघड विचारला नाहीं. पण आजीनें स्वतः मोजून, गवतांत बसवून पाठविलेलें तें फळ होतें, आणि न विचारलेला प्रश्न त्या जिन्यावर वर्षभर राहिला. दोन्ही घरचीं मुलें एका वर्गांत असून निरनिराळ्या वेळीं शाळेस येऊं लागलीं. त्या बाई प्रामाणिक होत्या, याविषयीं आम्हांस लवमात्र शंका नाहीं. त्यांनीं पहिल्या दिवशीं फोन केला असता, तर धनीणच म्हणाली असती कीं पेटी उघडा, मुलांस द्या, जिन्यावर वांटा. परवानगीनें वांटलेला आंबा आणि न सांगतां फेंकलेला आंबा, धन्याच्या हातीं दोन्ही वेळां कांहींच आलें नसतें. तरी त्या दोहोंत केवढें अंतर!

म्हणून पहिलें काम कळविण्याचें. पार्सल हातीं येतांच शेजाऱ्यास निरोप धाडावा व खोक्यावर तारीख लिहावी. दारावर चिठी डकवूं नये. तिनें घर रिकामें असल्याची बातमी भलत्यासच मिळते. खोकें फाटलेलें किंवा ओलें असल्यास घेण्यापूर्वींच त्याचें छायाचित्र काढून शेजाऱ्यास पाठवावें, अथवा तें घेऊंच नये. ठेवण्याची जागा कोरडी, उंदीर व वाळवी यांपासून दूर असावी. औषधाचें खोकें असेल तर त्यावरील सूचना वाचावी. न उघडलेलें इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियस उष्णतेंत राहावें लागतें, आणि बर्फाच्या कप्प्यांत गोठलें तर निकामी होतें. तें खोकें कपाटावर पडून राहिलें तर शेजाऱ्याच्या प्रकृतीशीं गांठ आहे. पैसे देऊन सोडवावयाचें पार्सल धन्यानें स्पष्ट सांगितल्यावांचून सोडवूं नये. पूर्वीं व्ही. पी. सोडवितांनाही शहाणीं माणसें हीच खबरदारी घेत. सांगितल्यावरून दिलेले पैसे मागण्यांत संकोच नसावा. फुकट सांभाळलेल्या ठेवीचा आवश्यक खर्चही ठेवणाऱ्यानें परत द्यावा, असें कलम १५८ सांगतें.

आणि शेजारी आलाच नाहीं तर? काळ लोटल्यानें वस्तु आपली होत नाहीं, हें येथें पक्कें ध्यानांत धरावें. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ प्रमाणें दुसऱ्याची जंगम वस्तु अप्रामाणिकपणें आपलीशी करणें हा गुन्हा आहे, आणि पार्सलावर तर धन्याचें नांव ठळक छापलेलें असतें. सांपडलेल्या वस्तूविषयीं करार कायद्याच्या कलम १६९ नें विक्रीची थोडी मुभा ठेवली आहे. धनी योग्य शोध करूनही मिळत नसेल किंवा कायदेशीर खर्च देत नसेल, आणि वस्तु नासण्याच्या बेतांत असेल अथवा तो खर्च तिच्या किंमतीच्या दोन-तृतीयांशास पोंचला असेल तरच. इंग्लंडांत १९७७ च्या एका कायद्यानें न नेलेल्या वस्तूचा धन्यास रीतसर नोटीस देऊन ती विकण्याची सोय केली, पण विक्रीचा खर्च वजा जातां उरलेला पैसा धन्याचाच. सामान्य गृहस्थानें विक्रीच्या भानगडींत पडूं नये हें बरें. शेजारी घर सोडून गेला असेल, तर त्याच्या नव्या पत्त्याची व फोनची चौकशी करावी. तो न मिळाल्यास खोक्यावर पाठविणाराचें नांव असतें, त्यास किंवा ज्या कुरियरनें तें आणलें त्यास कळवून परत नेण्यास सांगावें, आणि नेल्याची पोंच घ्यावी. तोंपर्यंत तें न उघडतां ठेवावें, व घरांतल्या आणखी एका वडील माणसास ठाऊक असूं द्यावें. नव्या भाडेकऱ्यानें ‘तें माझेंच’ म्हटलें, तर हनीनाप्रमाणें खूण विचारावी.

ज्याचें पार्सल आहे त्याच्याकडेही कांहीं आहेच. बाहेरगांवीं जातांना शेजाऱ्यास न विचारतां त्याचा पत्ता देऊन ठेवणें योग्य नव्हे. आणि आल्यादिवशीं, प्रवासाचा शीण असला तरी, समोरचें दार वाजवावें. आपण स्वतः दुसऱ्या दिवशीं गांवीं निघालों असूं, किंवा घरीं केवळ मुलें असतील, तर पार्सल आणणाऱ्यास दारांतच ‘नाहीं’ म्हणावें. तो रागावत नाहीं. तें परत नेतो व शेजारी घरीं असेल त्या दिवशीं पुन्हां आणतो.