मोटारीच्या इंजिनात पाण्याचा फवारा

हिंगोली जिल्ह्यातील जवळा बाजार घ्या किंवा मराठवाड्यातील दुसरे कोणतेही गाव घ्या. वैशाखात पारा ४० अंशांच्या वर गेला की घरोघरी माठ भरलेले दिसतात. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते. म्हणून ते पाणी गार होते. हे तुम्ही शाळेत शिकलाच आहात. माठाचा हाच नियम मोटारीच्या इंजिनातही कामाला लावता येतो. काही वेगवान मोटारींत पेट्रोलच्या टाकीखेरीज पाण्याची एक छोटी टाकी असते आणि तिच्यातील पाणी इंजिनात शिरणाऱ्या हवेत फवारले जाते.

हे वाचून ‘म्हणजे पाण्यावर चालणारी गाडी!’ असे मात्र म्हणू नका. अशा गाडीच्या बातम्या अधूनमधून कानांवर येतात आणि त्यांवर विश्वास ठेवणाऱ्यांचे पैसे बुडतात. पाणी हे इंधन नव्हे. हायड्रोजन जळाल्यावर जे उरते ते पाणी. लाकूड जळून राख उरावी, तसाच हा प्रकार. राख पुन्हा पेटत नाही. मग पाणी फवारल्याने इंजिनाची शक्ती वाढते ती कशी?

इंजिन का ठोकते?

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक हाताला गरम लागते. हवा झटकन दाबली की तापते. पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरातही दट्ट्या वर येताना हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबतो, त्यामुळे ते तापते. मग प्लगची ठिणगी पडते आणि ज्वाला एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे पसरत जाते.

पण मिश्रण आधीच फार तापलेले असेल तर? ज्वाला पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप भडकते. दाब एकदम वाढतो आणि इंजिनातून हातोडीने ठोकल्यासारखा आवाज येतो. मेकॅनिक म्हणतात, ‘गाडी नॉक करते.’ हे ठोके जोराचे असले आणि चालूच राहिले तर दट्ट्याला भोक पडू शकते.

आता टर्बो बसवलेल्या इंजिनाचा विचार करा. बाहेर जाणाऱ्या गरम वायूंनी एक चक्र फिरते. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरात भरते. हवा जास्त, म्हणून पेट्रोलही जास्त जाळता येते आणि शक्ती वाढते. पण दाबलेली हवा तापते आणि ठोक्यांचा धोकाही वाढतो. म्हणजे शक्तीची मर्यादा ठरते ती उष्णतेने. पाणी ही मर्यादा थोडी पुढे ढकलते. शक्ती पेट्रोलचीच असते, पाणी फक्त तिची वाट मोकळी करते.

थोडा हिशेब

१ ग्रॅम पाण्याची १०० अंशांना वाफ करायला सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते. त्याहून कमी तापमानाला ती थोडी जास्त, सुमारे ५७५ कॅलरी धरू. १ ग्रॅम पेट्रोलची वाफ व्हायला याच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतकीच उष्णता लागते. म्हणून गारव्याच्या कामी पाण्याची बरोबरी पेट्रोलला करता येत नाही.

समजा, इंजिनात शिरणाऱ्या १ किलो हवेत १० ग्रॅम पाणी फवारले आणि त्याची पूर्ण वाफ झाली. लागणारी उष्णता ५,७५० कॅलरी. हवेची विशिष्ट उष्णता ०.२४, म्हणून १ किलो हवा १ अंशाने थंड करायची तर तिच्यातून २४० कॅलरी काढाव्या लागतात. ५,७५० ला २४० ने भागा. उत्तर येते सुमारे २४ अंश. दोन चहाचे चमचे पाण्याने ६० अंशांची हवा ३६ अंशांवर आणली! प्रत्यक्षात सगळे पाणी वाटेतच वाफ होत नाही. उरलेले थेंब सिलिंडरात वाफ होतात आणि तेथील मिश्रण थंड ठेवतात.

ही युक्ती नवी नाही. हंगेरीचे अभियंते दोनात बांकी यांनी १८९० च्या दशकातच इंजिनात पाणी फवारले होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या थंडरबोल्ट विमानांनी तिचा उपयोग केला. जर्मन विमाने पाणी आणि मिथेनॉल निम्मेनिम्मे मिसळून वापरत. आपल्याकडे कानपूरला तयार झालेल्या ॲव्रो-७४८ विमानांची गोष्टही ध्यानात ठेवा. त्यांतील पहिले विमान १९६१ साली उडाले. त्यांची डार्ट इंजिने वेगळ्या जातीची, टर्बाइनची होती. उन्हाळ्यातील विरळ हवेत उड्डाण करताना त्यांची घटलेली शक्ती भरून काढण्यासाठी पाणी-मिथेनॉलच वापरत.

टाकी कोठे बसवावी?

गोव्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन आसनांची छोटी स्पोर्ट्स मोटार तयार होऊ लागली. अंग फायबरग्लासचे, इंजिन रेनॉचे, ११४९ घन सेंटिमीटरचे. त्या इंजिनाला टर्बो नव्हता, म्हणून पाण्याची गरजही नव्हती. पण तेवढ्या इंजिनाला टर्बो लावला अशी कल्पना करू आणि टाकीचा आराखडा कागदावर मांडू.

पहिला प्रश्न, टाकी केवढी? मिनिटाला ५,५०० फेरे होत असताना आणि हवेचा दाब नेहमीच्या दीडपट असताना हे इंजिन मिनिटाला सुमारे ५ किलो हवा घेईल. किलोला १० ग्रॅम या हिशेबाने मिनिटाला ५० ग्रॅम पाणी लागेल. म्हणजे ५ लिटरची टाकी पूर्ण जोरावर १०० मिनिटे पुरेल. रस्त्यावर गाडी पूर्ण जोरावर फार थोडा वेळ चालते, म्हणून एवढी टाकी पुष्कळ झाली.

दुसरा प्रश्न वजनाचा. पुढच्या आणि मागच्या चाकांत २४० सेंटिमीटर अंतर आहे आणि टाकी मागच्या चाकांच्याही मागे ६० सेंटिमीटरवर आहे असे धरा. तरफेच्या नियमाने ५ किलो पाण्याचा मागच्या चाकांवर सव्वासहा किलो भार पडेल आणि पुढची चाके सव्वा किलोने हलकी होतील. टाकी २० लिटरची केली तर हेच आकडे २५ आणि ५ होतील. छोट्या गाडीला हा फरक वळणावर जाणवतो. म्हणून टाकी छोटी असावी, खाली असावी आणि शक्य तर दोन्ही चाकांच्या मध्ये असावी.

तिसरा प्रश्न उंचीचा. टाकी फवाऱ्याच्या तोंडापेक्षा वर बसवली तर इंजिन बंद असतानाही पाणी वक्रनळीसारखे वाहत राहील आणि सिलिंडरात साठेल. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. इंजिन सुरू करताच दट्ट्या पाण्यावर अडेल आणि कनेक्टिंग रॉड वाकेल. म्हणून टाकी खाली ठेवतात आणि नळीवर विजेने उघडणारी झडपही बसवतात.

चौथा प्रश्न वळणाचा. जवळा बाजारहून औंढ्याला जाणाऱ्या एस.टी.त अर्धी भरलेली बाटली हातात धरा आणि वळणावर पाण्याकडे पाहा. पाणी एका बाजूला चढते. वेगवान मोटार गुरुत्व त्वरणाच्या पाऊणपट त्वरणाने वळली तर टाकीतील पाण्याची पातळी तब्बल ३७ अंशांनी कलते. त्या क्षणी नळीचे तोंड उघडे पडले तर पंप हवा ओढेल. म्हणून टाकीत भोके पाडलेले आडपडदे घालतात आणि नळीचे तोंड तळाच्या खोलगट भागात ठेवतात. टाकीच्या झाकणाला बारीक छिद्रही हवे. नाहीतर पाणी कमी होईल तशी आत निर्वात स्थिती निर्माण होऊन पंपाला पाणी ओढता येणार नाही.

शेवटचा प्रश्न पाण्याचा. आपल्याकडचे बोअरचे पाणी तापवले की भांड्याला पांढरा थर धरतो. हेच क्षार फवाऱ्याचे केसासारखे छिद्र बुजवतील. येथे बॅटरीत घालतात तसे ऊर्ध्वपातित पाणीच हवे.

टाकी रिकामी झाली तर?

सर्वांत मोठा धोका येथेच आहे. पाण्याच्या भरवशावर दाब वाढवलेला असतो. पाणी संपले आणि दाब तसाच राहिला, तर तेच ठोके पुन्हा सुरू होतात. १९६२ साली अमेरिकेत ‘ओल्ड्समोबिल जेटफायर’ ही टर्बो मोटार पाणी-मिथेनॉलच्या टाकीसह विक्रीला आली. द्रव संपताच टर्बोचा दाब आपोआप उतरवणारी सोय तिच्यात होती. इंजिन वाचे, पण शक्ती घटे. टाकी वेळेवर भरण्याचा अनेकांनी कंटाळा केला. पुढे कंपनीनेच अनेक मोटारींचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवून दिले. २०१६ च्या ‘बी.एम.डब्ल्यू. एम-४ जी.टी.एस.’ मोटारीत ५ लिटरची टाकी सामानाच्या कप्प्यात आहे. तिच्या इंजिनाची शक्ती ४३१ वरून ५०० अश्वशक्तीपर्यंत नेली आहे. इंजिन बंद केले की नळीतले पाणी टाकीत परत जाते, म्हणजे थंडीत ते नळीत गोठत नाही. यंत्र बांधताना ‘हे कसे चालेल?’ या प्रश्नाइतकाच ‘हे बंद पडले तर काय होईल?’ हा प्रश्न महत्त्वाचा असतो, हे विसरू नका.

करून पाहा

घरच्या गाडीवर यातले काहीही करू नका. त्याऐवजी दोन तापमापक सावलीत शेजारी-शेजारी टांगा. एकाच्या फुग्यावर ओले फडके गुंडाळा आणि पुठ्ठ्याने दोघांना वारा घाला. दर दोन मिनिटांनी आकडे वहीत लिहा. हाच प्रयोग वैशाखात एकदा आणि श्रावणात एकदा करा. दोन्ही वेळा फरक सारखाच येतो का? येत नसेल तर का? उत्तर सापडले, तर कोरड्या आणि दमट हवेत पाण्याचा फवारा सारखाच गारवा का देत नाही, हेही तुम्हाला सांगता येईल.