स्वतःवरील दया

इतरांवर दया करावी, हें आपण मुलांस बाळपणापासून शिकवितों. परंतु अपयश आलें असतां स्वतःशीं कसें वागावें, हें शिकविण्याचें आपणांस बहुधा सुचत नाहीं. तेरा-चौदा वर्षांच्या वयांत ही उणीव फार जाचते. गणितांत नापास झालेल्या सोबत्यास विद्यार्थी 'असूं दे, पुढच्या वेळीं जमेल' असें म्हणतो. तोच प्रसंग स्वतःवर आला कीं 'मी मठ्ठच' असा निकाल देतो. मग प्रगतिपुस्तक दप्तरांत लपतें, शाळा नकोशी होते, आणि कधीं कधीं कायमची सुटते.

ह्या विषयाचा पद्धतशीर विचार अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनीं केला आहे. २००३ सालीं त्यांनीं ह्या गुणाचीं तीन अंगें सांगितलीं: स्वतःशीं ममतेनें बोलणें, चुकणें सर्व मनुष्यांस सामान्य आहे हें ओळखणें, आणि दुःख न लपवितां व न फुगवितां, जसें आहे तसें पाहणें.

'अशानें मुलें आळशी होणार नाहींत काय?' असें पालक विचारतील. शंका रास्त आहे. ब्राइन्स व चेन ह्या संशोधिकांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगांत विद्यार्थ्यांची कठीण शब्दचाचणी घेतली होती. ती अवघड गेल्यावर ज्यांस स्वतःकडे ममतेनें पाहण्यास सुचविलें, त्यांनीं पुढील चाचणीकरितां इतरांहून अधिक वेळ अभ्यास केला. ज्यास आपल्या चुकीची धास्ती नाहीं, तोच ती उघडून पाहूं शकतो.

उरवड्याच्या मुलांस हें निराळें सांगावयास नको. लावणीनंतर भाताचें रोप कांहीं दिवस पिवळें पडतें. म्हणून शेतकरी तें उपटून टाकीत नाहीं. तो बांध सांभाळतो, पाणी राखतो. ही दया आहे, आळस नव्हे.

महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें उदाहरण पाहा. मुरुडाहून डोंगर ओलांडीत ते परीक्षेसाठीं सातारपर्यंत पायीं गेले; पण वयानें लहान दिसतात म्हणून त्यांस बसूं दिलें नाहीं. तो नकार त्यांच्या योग्यतेचा निवाडा नव्हता. १८८४ सालीं ते बी. ए. झाले, आणि १९१६ सालीं त्यांनीं महिला विद्यापीठ स्थापिलें.

विद्यार्थ्यांस आम्ही एक अभ्यास सुचवितों. अपयश आलें त्या दिवशीं, तेंच अपयश आलेल्या मित्रास चार ओळींचें पत्र लिहावें. नंतर मित्राच्या नांवाच्या जागीं आपलें नांव घालून तें वाचावें. शेवटीं उद्यां करावयाचें एकच काम खालीं लिहावें.

पालकांनीं गुण विचारण्यापूर्वीं 'कोणता प्रश्न अडला?' असें विचारावें. शेजारच्या मुलाचा दाखला देऊं नये. मूल बरेच दिवस उदास राहिलें, तर शिक्षकांस भेटावें. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही विनामूल्य आहे.

शेजाऱ्यावर करावयाच्या प्रीतीचें माप प्रभूनें आपल्या स्वतःवरील प्रीतींत ठेविलें आहे. तें मापच लहान असेल, तर शेजाऱ्याच्या पदरांत तरी काय पडणार?