दुर्गराज रायगड : श्रीशिवछत्रपतींच्या समाधीचे दर्शन

पंढरपुरी भाविक आधी नामदेव पायरीस मस्तक लावतो, मग महाद्वारातून आत जातो. रायगडाच्या यात्रेलाही असाच एक क्रम आहे. तो पाळला म्हणजे समाधीपुढे उभे राहिल्यावर या स्थानाचा अर्थ उमगतो. रोपवेने वर जाऊन घाईने परतणाऱ्यास तो बहुधा निसटतो.

प्रथम दर्शन : पाचाड
गडाच्या पायथ्याशी पाचाड गावी राजमाता जिजाऊंची समाधी व वाड्याचे अवशेष आहेत. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ (६ जून १६७४) रोजी पुत्राचा राज्याभिषेक पाहून अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून रोजी, मातोश्रींनी येथे देह ठेवला. येथे माथा टेकूनच गडाची वाट धरावी.

गडावरील क्रम
महादरवाजा, हत्ती तलाव, गंगासागर, राजसदर व बाजारपेठ पाहून श्रीजगदीश्वराच्या मंदिरात यावे. राजसदरेवरील मेघडंबरी ही सिंहासनाची जागा होय. तीस समाधी समजून पुष्कळ जण तेथूनच माघारी फिरतात. समाधी पुढे, जगदीश्वराच्या सान्निध्यात आहे.

मंदिराच्या पायरीवर गडाचे बांधकाम करणाऱ्या हिरोजी इंदुलकरांच्या नावाचा लहानसा लेख आहे. एवढी राजधानी उभारणाऱ्याने आपले नाव कोरण्यास जागा निवडली ती भाविकांच्या पावलांची. तो लेख अवश्य वाचावा.

पूर्वद्वारातून बाहेर पडताच अष्टकोनी चौथऱ्याची समाधी दृष्टीस पडते. चैत्र शुद्ध पौर्णिमा, शके १६०२ (३ एप्रिल १६८०) रोजी महाराजांचे गडावर महानिर्वाण झाले. आपल्याकडे राजांच्या अशा समाध्या म्हणजे दहनस्थानी उभारलेली स्मारके होत. येथेही राजाची चिरविश्रांती देवाच्या दारातच आहे.

समाधीचा जीर्णोद्धार
मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी गडावरील वाडे जळाले. पुढे कित्येक दशके समाधी झाडाझुडपांत दुर्लक्षित राहिली. महात्मा फुले यांनी तिचे महत्त्व समाजापुढे मांडले. १८९५ साली लोकमान्य टिळकांनी निधीसाठी हाक दिली, तेव्हा सामान्य माणसांनीही यथाशक्ती वर्गणी दिली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जीर्णोद्धार होऊन आजचे रूप सिद्ध झाले. एकदा जवळजवळ हरवलेले हे स्थान लोकांच्या दानातून परत मिळाले, हे दात्यांनी ध्यानी ठेवावे. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत रायगडाचा समावेश आहे.

यात्रेकरूंसाठी सूचना
१) महाडहून गड सुमारे २५ कि.मी. आहे. कोकण रेल्वेने येणाऱ्यांस वीर अथवा माणगाव स्थानक सोयीचे.
२) पायवाटेने सुमारे दीड हजार पायऱ्या आहेत; चढण्यास दोन तास धरावेत. पहाटे निघणे उत्तम.
३) वृद्ध व आजारी भाविकांनी रोपवेने जावे. वादळी वाऱ्यात तो बंद राहतो, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. रोपवेने गेले तरी मंदिर व समाधीपर्यंत चालावे लागते.
४) ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सुखावह. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात. राज्याभिषेकदिनी व पुण्यतिथीस अतिशय गर्दी असते. मुक्कामाची व्यवस्था आधी करावी.
५) पाणी सोबत न्यावे, रिकाम्या बाटल्या परत आणाव्यात.
६) गड पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. समाधीवर तेल, गुलाल वा दूध वाहू नये. दगडाची झीज होते. कोठेही नाव कोरू नये. पादत्राणे दूर ठेवून, शांतपणे नमस्कार करावा.
७) देणगीदारांनी नोंदणीकृत संस्थेसच दान देऊन पावती घ्यावी. गडावर नामफलकाचा आग्रह धरू नये. हिरोजींनी नाव पायरीवर ठेवले, याचे स्मरण असावे.

भाविकांची यात्रा निर्विघ्न होवो, हीच श्रीजगदीश्वराचरणी प्रार्थना.