मनाची चिंता आणि पोटाचे दुखणे

आपल्या मराठी भाषेने पोटास केवळ अन्नाची कोठी मानलेले नाही. भीतीने पोटात गोळा येतो, दुःखाची वार्ता ऐकून पोटात कालवते, कळकळीचा मनुष्य पोटतिडकीने बोलतो, दुसऱ्याचा उत्कर्ष न साहणाऱ्यास पोटशूळ उठतो, आणि आई लेकराचे अपराध पोटात घालते. ज्यांनी हे वाक्प्रचार घडविले त्यांनी शरीरशास्त्राचा ग्रंथ उघडून पाहिला नव्हता. परंतु मन आणि पोट यांचे निकटचे नाते आहे, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते. त्या नात्याविषयी शास्त्र काय सांगते, हे आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या मातापित्यांस थोडक्यात निवेदन करावे, असा या लेखाचा हेतू आहे.

या विषयाकडे आमचे लक्ष एका मुलाने वेधले, हे प्रथमच कबूल केले पाहिजे. चकलांबा व आसपासच्या वाड्यावस्त्यांतील पुष्कळ कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या मुलखात जातात आणि मुले कित्येकदा मागे आजीजवळ राहतात. अशाच एका मुलाचे पोट गणिताच्या तासापूर्वी हटकून दुखत असे. रविवारी ते दुखत नसे, सुट्टीत दुखत नसे. त्यावरून हे निव्वळ सोंग आहे असे अनुमान आम्ही काढले, व ते भर वर्गात बोलूनही दाखविले. मुलगा खाली मान घालून बसला. पुढे एकदा त्याच्या घरी जाण्याचा योग आला, तेव्हा आजी म्हणाली, "गुरुजी, मायबापाचा फोन आला न्हाई की ह्यो भाकरीला शिवत न्हाई. अन् सकाळी साळेला निघाला की वकाऱ्या काढतो." वर्गात कोणी पाहत नसताना, घरच्या चुलीपाशी जो ओकाऱ्या काढतो, तो कोणासाठी सोंग करील? आमचे अनुमान चुकले होते. मग खरे कारण काय, हे शोधणे आमचे कर्तव्य ठरले.

प्रथम पोटाची रचना पाहू. आपण गिळलेला घास अन्ननलिकेतून जठरात उतरतो, तेथे काही तास घुसळला जातो, आणि मग सुमारे २० फूट लांबीच्या लहान आतड्यातून व सुमारे ५ फूट लांबीच्या मोठ्या आतड्यातून पुढे सरकतो. या नळीच्या भिंतीत स्नायूंच्या थरांमध्ये मज्जापेशींचे एक दाट जाळे पसरलेले आहे. या पेशींची संख्या १० कोटी किंवा त्याहूनही अधिक मानली जाते. इ. स. १८९९ मध्ये बेलिस व स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञांनी असे दाखविले की, बाहेरून येणाऱ्या मज्जातंतूंचा संबंध तोडला तरीही कुत्र्याचे आतडे आतील पदार्थ पुढे ढकलण्याचे काम चालूच ठेवते. म्हणजे आपला रोजचा कारभार मेंदूस न विचारता चालविण्याइतकी व्यवस्था आतड्यापाशी स्वतःची अशी आहे.

तथापि हा कारभार मेंदूपासून अगदी अलग नाही. मेंदूतून निघून छातीतून पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची मज्जातंतूंची एक लांब जुडी या दोघांत निरोपांची ने-आण करते. नवल असे की, तिच्या तंतूंपैकी सुमारे चार-पंचमांश तंतू पोटाकडून मेंदूकडे निरोप नेतात. हुकूम खाली आणणारे तंतू थोडे. यावरून पोट बिघडले असता मन उदास का होते, आणि मन बिघडले असता पोट का दुखते, या दोन्ही गोष्टींचा उलगडा होतो.

आता भीतीचे कार्य पाहू. उसाच्या फडात अकस्मात बिबट्या समोर आला, तर शरीर क्षणात लढण्यास किंवा पळण्यास सिद्ध होते. मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथी अॅड्रिनॅलिन नावाचा रस रक्तात सोडतात. हृदय जोराने चालू लागते. तोंड कोरडे पडते. पोटाकडचे रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळते. त्या वेळी भाकरी पचविण्यापेक्षा जीव वाचविणे निकडीचे असते. म्हणून जठर मंदावते, आणि याच्या उलट मोठे आतडे घाई करू लागते. परीक्षेच्या सकाळी भूक का मरते, मळमळ का होते, आणि वारंवार शौचास का जावे लागते, याचे कारण हेच. बिबट्या येतो आणि निघून जातो. शरीरही मग पूर्वस्थितीवर येते. परंतु शालान्त परीक्षा महिनेच्या महिने समोर उभी असते, आणि सावकाराचे कर्ज तर वर्षानुवर्षे. तेव्हा ही सिद्धता उतरतच नाही, आणि तिचा भार पोटास सोसावा लागतो.

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. १८२२ साली उत्तर अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणास बंदुकीचा बार लागला. तो वाचला, पण त्याच्या जठरास पडलेले छिद्र कायम राहिले. विल्यम बोमाँट या लष्करी वैद्याने त्या छिद्रातून कित्येक वर्षे पचनाची क्रिया प्रत्यक्ष पाहिली व १८३३ साली आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. हा मनुष्य रागावला किंवा भ्याला असता त्याच्या जठराच्या अस्तराचे स्वरूप पालटते, असे त्यात नमूद आहे. पुढे १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागला, आणि दोन-तीन वर्षांतच हार्वर्ड येथील वॉल्टर कॅनन यांनी मांजरास बिस्मथ मिसळलेले अन्न घालून जठराचे चलनवलन पाहिले. मांजर घाबरले किंवा चिडले की जठराच्या लाटा थांबत. ते शांत झाले की पुन्हा सुरू होत. आमच्या मते या प्रयोगात घरातील प्रत्येक वडीलधाऱ्यास एक धडा आहे: जेवणाच्या पाटावर बसवून मुलाच्या गुणपत्रिकेचा झाडा घेणे म्हणजे त्याचे जठर थांबविणे होय.

आपल्या देशातील प्राचीन वैद्यांसही हे ठाऊक होते. हितकर अन्न योग्य प्रमाणात खाल्ले तरी चिंता, शोक, भय, क्रोध व जागरण यांमुळे ते पचत नाही, असे चरकसंहितेत सांगितले आहे. आणि अतिसाराच्या सहा प्रकारांत भयापासून होणारा व शोकापासून होणारा असे दोन प्रकार तेथे वेगळे मानलेले आहेत.

येथवर वाचून कोणी म्हणेल, 'तर मग पोटाची सगळी दुखणी मनाचीच!' ही दुसरी चूक होय, आणि ती पहिलीहून कमी घातक नाही. १९३६ साली हान्स सेल्ये यांनी दाखविले की, थंडी, इजा इत्यादी सोसाव्या लागलेल्या उंदरांच्या जठरांत व्रण पडतात. १९४० साली लंडनवर बाँबवर्षाव झाला, तेव्हा जठराचा व्रण फुटून शस्त्रक्रियेस आलेल्या रोग्यांची संख्या वाढली. यामुळे अल्सर हा चिंतेचाच रोग, असे मत दृढ झाले. परंतु ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन यांस रोग्यांच्या जठरांत एक वाकडा सूक्ष्म जंतू दिसला, आणि १९८२ साली बॅरी मार्शल व त्यांनी तो प्रयोगशाळेत वाढवून दाखविला. ईस्टरच्या सुट्टीमुळे काचपात्रे नेहमीपेक्षा अधिक दिवस तशीच राहिली, म्हणून तो हाती लागला. लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी तो जंतू स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. हेलिकोबॅक्टर पायलोरी या नावाने तो आज ओळखला जातो. या शोधास २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि जे रोगी वर्षानुवर्षे 'काळजी करू नका' एवढेच ऐकत आले होते, ते काही दिवसांच्या औषधाने बरे होऊ लागले.

मग सेल्ये चुकले काय? तसेही नव्हे. १९९५ साली जपानातील कोबे शहराच्या परिसरात मोठा भूकंप झाला. त्यानंतर तेथे रक्तस्राव होणाऱ्या अल्सरचे रोगी वाढले, आणि त्यांपैकी बहुतेकांच्या जठरांत हा जंतूही सापडला. जंतू व चिंता हे दोघे जणू एकाच जुवाचे बैल झाले.

याहून नवलाची गोष्ट आतड्यात वस्ती करणाऱ्या असंख्य उपकारक जंतूंची आहे. आमच्या पुणे शहरातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात योगेश शौचे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच छपराखाली राहणाऱ्या तीन पिढ्यांच्या आतड्यांतील जंतूंचा अभ्यास केला, व वयाबरोबर त्यांचे परस्परप्रमाण बदलते असे २०१२ साली प्रसिद्ध केले. त्याआधी २००४ साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखविले होते की, जंतुविरहित वाढविलेले उंदीर कोंडून ठेवले असता, त्यांच्या रक्तात इतर उंदरांपेक्षा भीतीचे रस अधिक वाढतात. हे शास्त्र अद्याप बाल्यावस्थेत आहे. उंदरावरून मनुष्याविषयी घाईने निर्णय करणे बरे नव्हे.

तात्पर्य, मुलाचे पोट दुखते तेव्हा वडीलधाऱ्यांनी दोन गोष्टी बरोबरच कराव्यात. पहिली ही की, त्यावर विश्वास ठेवावा. भीतीने दुखणारे पोट खरोखरच दुखते. दुसरी ही की, वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. जंत, अशुद्ध पाणी, आमांश व मलावरोध ही आपल्या खेड्यांतील नेहमीची कारणे आहेत. वजन घटत असेल, शौचातून रक्त पडत असेल किंवा शौच डांबरासारखे काळे होत असेल, ओकाऱ्या थांबत नसतील, ताप किंवा कावीळ असेल, अथवा दुखण्याने रात्री झोपेतून जाग येत असेल, तर एक दिवसही दवडू नये. गावच्या डॉक्टरांकडून पुढे बीड किंवा अंबाजोगाई येथील सरकारी रुग्णालयात जावे. अंगारा-दोरा किंवा दुकानातून मनाने आणलेली गोळी यांवर विसंबू नये. तपासणीत काहीच न सापडल्यास 'काही झालेले नाही' असेही म्हणू नये. आतडे दिसण्यात निरोगी असून त्याचे वागणे बिघडते, हा विकारही डॉक्टरांस परिचित आहे, आणि त्यावर उपाय आहेत.

विद्यार्थ्यांनी आपल्या परीने हे करावे: वेळेवर व सावकाश जेवावे, परीक्षेच्या काळात झोप मोडून चहावर रात्री काढू नयेत, शौचाचा वेग दाबू नये, रोज मैदानावर घाम गाळावा, आणि मनात जे सलते ते आई, आजी, शिक्षक किंवा मित्र यांपैकी कोणापाशी तरी बोलून मोकळे करावे.

पवित्र शास्त्रात एलीया संदेष्ट्याची कथा आहे. जिवाच्या भयाने तो रानात पळाला आणि झुडपाखाली मरण मागत निजला. देवाच्या दूताने त्यास आधी बोल लावला नाही, उपदेशही केला नाही. त्याने त्यास भाकर व पाणी दिले, पुन्हा निजू दिले, आणि पुन्हा खाऊ घातले. पुढे फार दूरची वाट आहे, हे त्यास ठाऊक होते.

आमच्या त्या विद्यार्थ्यास डॉक्टरांकडे नेले. जंतांचे औषध मिळाले, आणि त्याबरोबर दर बुधवारी व रविवारी आईबापांचा फोन यावा अशी व्यवस्था झाली. सोंगाचा आरोप आम्ही भर वर्गात केला होता, म्हणून क्षमाही भर वर्गात मागितली. त्याचे दुखणे एका दिवसात गेले नाही. पण फळ्याजवळ येताना आता तो पोट धरीत नाही, आणि कधी धरलेच, तर आम्ही त्यास प्रथम विचारतो, "सकाळी काही खाल्लेस का?"